गल्लीत शाळा बांधायची आहे? मग हायवा असा घाला

तुम्ही संस्थाचालक आहात आणि छत्रपती संभाजीनगरातल्या एखाद्या गुंठेवारी वस्तीत (मंजूर लेआउटशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या प्लॉटांच्या), वीस फुटी रस्त्याच्या टोकाला, तुम्हाला मोकळा प्लॉट मिळालाय. अभिनंदन! सगळ्यात आधी फ्लेक्स लावा: ‘ज्ञानमंदिराचे काम सुरू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ कुणा बिल्डरची इमारत असती तर लोकांनी पहिल्याच दिवशी गुत्तेदाराला गाठलं असतं. शाळेच्या कामात खोडा घालणारा मात्र थेट लेकरांच्या भवितव्याच्या आड येतो, म्हणून सगळे गप्प बसतात. फ्लेक्सचे हजारभर रुपये पहिल्या आठवड्यातच वसूल.

मग खोदाई. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावर पाया टिकत नाही, टणक मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागतं. तीस बाय पंधरा मीटरची इमारत, दोन मीटर खोदाई, म्हणजे ९०० घनमीटर, साधारण ३१८ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). खोदलेली माती मोकळी होऊन पाव पट तरी वाढते, म्हणजे धरा ४०० ब्रास. पाच ब्रासच्या हायव्याने, म्हणजे मोठ्या टिपरने, ८० खेपा, आणि जाऊन-येऊन तो गल्लीतून १६० वेळा. जोत्यात भरायच्या मुरमाच्या खेपा वेगळ्या. हा हिशोब कागदावर करता येतो, म्हणूनच तो शेजाऱ्यांना दाखवायचा नाही. दाखवलात तर ते म्हणतील, सकाळी सात ते दहा गाड्या बंद ठेवा, लेकरं शाळेत जातात. (दुसऱ्यांच्या शाळेत जातात, तुमची अजून झालेली नाही.)

गाडी भरताना कंजुषी नको. वर फळ्या ठोकून शीग लावा. जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असं मोटार वाहन कायद्यात लिहिलंय, पण गुंठेवारीच्या गल्लीत वजनकाटा नसतो. ताडपत्री तर अजिबात नको. बांधण्या-सोडण्यात दहा मिनिटं जातात. सांडलेली खडी वळणावर पडू द्या. ती दुचाकीच्या पुढच्या चाकाखाली आली की काय होतं, ते वस्तीतल्या दुचाकीवाल्यांना एकदाच कळतं.

रस्त्याची काळजी करूच नका. चाकांच्या धुरीवरचा (अॅक्सलवरचा) भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते, असं अभियंते मानतात. म्हणजे रोजच्या मोटारसायकलींनी जे वीस वर्षांत जमणार नाही, ते तुम्ही एका हंगामात करून दाखवाल. वरची खडी दबते, खालची ओली माती बाजूला सरकते, दीड-दोन फुटांवरची प्लास्टिकची पाइपलाइन जोडाशी उघडते. आठ-आठ दिवसांनी नळाला येणारं पाणी त्या दिवशी नेमकं खड्ड्यात येतं. मग लोक टँकर मागवतात, आणि टँकर व हायवा गल्लीत समोरासमोर येतात. मागे कुणी घ्यायचं? टँकरवाल्याने. शिक्षण आधी, पाणी नंतर.

गाडी मागे घेताना शिट्टी मारणारा माणूस ठेवू नका, उगाच एक हजेरी वाढते. हायव्याच्या पुढच्या बंपरला लागून आणि डाव्या दाराखाली उभं असलेलं पोर ड्रायव्हरला केबिनमधून दिसतच नाही. त्याच्यासाठी क्लीनर असतो, आणि तो मोबाइलवर असतो. माती टाकून झाल्यावर ट्रॉली खाली न घेताच गाडी पुढे काढा. दोन-चार घरांच्या सर्व्हिस वायर घेऊन येईल.

खरी कसोटी स्लॅबच्या दिवशी. नव्वद घनमीटर काँक्रीट, सहा घनमीटरचे पंधरा मिक्सर. शहाणा साइट इंजिनिअर गाड्या मोठ्या रस्त्याला थांबवतो आणि पंप मोकळा झाला की फोन करून एकेक आत घेतो. तुम्ही पंधराही एकदम बोलवा. प्लँटवर माल भरल्यापासून दोन तासांत तो ओतून व्हावा असा भारतीय मानकाचा नियम आहे. मेच्या बेचाळीस अंशांत तो त्याआधीच घट्ट व्हायला लागतो. रांगेतला सातवा ड्रायव्हर मग गुपचूप ड्रममध्ये पाणी सोडतो. काँक्रीट छान वाहतं, मजबुती तेवढीच छान उतरते. ज्या स्लॅबखाली चौथीचा वर्ग भरणार, तोच हा स्लॅब.

शेवटी ड्रम धुवायचा राहतो. साइटवर खड्डा खणून त्यात धुणं सोपं आहे, पण शेजारी नाली असताना खड्डा कशाला? सिमेंटचं ते राखाडी पाणी रात्रीतून नालीत दगड होतं. पहिल्या मोठ्या पावसात पाणी पुढच्या घरांच्या उंबऱ्यावर येतं, तेव्हा ‘नाल्यांत कचरा टाकू नका’ असं आवाहन तुमच्याच लेटरहेडवर काढा.

तक्रारींना घाबरायचं कारण नाही. महापालिका वाहतूक शाखेकडे बोट दाखवेल, ती आरटीओकडे, तो मुरमाच्या पावत्यांसाठी तहसीलकडे. कुणी दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज केलाच तर उत्तराला तीस दिवस आहेत. तेवढ्यात दुसरा स्लॅब टाकून होतो.

आणि हो, उद्घाटन झालं की फाटकावर ‘शांतता क्षेत्र’ची पाटी ठोकायला विसरू नका. शाळेभोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा भाग सरकारने शांतता क्षेत्र जाहीर केला की तिथे दिवसा पन्नास डेसिबलची मर्यादा लागते. रात्री अकराला पोकलेनचा ब्रेकर काळ्या पाषाणावर चालायचा तेव्हा ही मर्यादा लागू नव्हती, कारण तेव्हा शाळाच नव्हती. आता आहे, तेव्हा वस्तीतल्या पहिल्याच हळदीच्या डीजेविरुद्ध पोलीस ठाण्यात अर्ज तुम्हीच द्या.