कुंडीत घाण भरा

गेल्या आठवड्यात बागकामाच्या एका ॲपचं मराठी तपासायला आलं. भाषांतर मशीनने केलेलं, मी फक्त वरून हात फिरवायचा. तिसऱ्याच ओळीत होतं : 'कुंडीत अर्ध्यापर्यंत घाण भरा.' एकटीच खो खो हसत बसले.

मूळ इंग्रजीत 'डर्ट' होतं. अमेरिकेत डर्ट म्हणजे साधी माती. कच्चा रस्ता तो 'डर्ट रोड'. आपल्याकडे ती काळी आई. तिला घाण म्हणून कसं चालेल?

पण मशीनला तरी किती हसायचं? शब्दाचं कूळच तसलं आहे. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेत 'ड्रिट' म्हणजे विष्ठा. इंग्रजीतही आधी 'ड्रिट'च होतं, मग मधल्या अक्षरांनी जागा बदलल्या आणि 'डर्ट' झालं. आपल्याकडे नुकसानचं नुसकान होतं ना, तसंच. तिथून निघालेला हा शब्द पैशावर, विनोदावर, नजरेवर, राजकारणावर जाऊन बसला. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ या काळात लष्करी राजवटीने हजारो माणसं गायब केली, त्या प्रकरणाचं नावही 'डर्टी वॉर'.

मला आवडतं ते कॉम्प्युटरवाल्यांचं 'डर्टी'. मेमरीतल्या एखाद्या पानात (म्हणजे माहितीच्या एका तुकड्यात) बदल झाला, पण तो अजून डिस्कवर उतरला नाही, की ते पान डर्टी. उतरवून झालं की क्लीन. घाण कसलीच नाही, काम तेवढं बाकी आहे. आणि 'क्विक अँड डर्टी'? १९८० मध्ये सिॲटलच्या टिम पॅटरसनने घाईघाईत एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली आणि तिला याच शब्दांवरून 'क्यूडॉस' नाव ठेवलं. पुढच्याच वर्षी ती मायक्रोसॉफ्टने विकत घेतली, तिचीच एमएस-डॉस झाली. आता याला मराठीत 'जलद आणि घाणेरडं' लिहायचं? (लिहिलेलं पाहिलंय मी.) 'वेळ मारून नेण्यापुरतं' म्हटलं की झालं.

माझी तक्रार मशीनपेक्षा आपल्याबद्दल जास्त आहे. हल्ली आपणही सगळ्याला 'घाण' म्हणतो. मुळात हा शब्द नाकाचा. 'घाण येतेय' म्हणजे वास येतोय. (चकल्यांचा पहिला घाणा वेगळा, त्याच्या वासाला कुणाची ना नसते.) बाकी आपल्याकडे कशाने खराब झालं त्यावर शब्द ठरतो. कॉलर मळकी, शेगडीजवळची भिंत तेलकट, चिखलातून आलेले पाय बरबटलेले, दुपारपर्यंत आंघोळ न करता लोळणारा नवरा पारोसा. उष्टं आणि खरकटं यांतही फरक आहे. चहाचा एक घोट घेतला तरी कप उष्टा होतो. खरकटं म्हणायला अन्न लागलेलं हवं.

परवा लेक म्हणाली, "आजी, सिंकमधली भांडी घाण आहेत."

आई ओट्यापाशीच होती. "घाण कशाने होतील गं? आमटीभातच खाल्लास ना त्यात? खरकटी म्हण."

त्यात एक शब्द मात्र असा आहे, की तो बोलण्यातून पुसून गेला तर मला जराही हळहळ वाटणार नाही : विटाळ. त्याला ना डाग, ना वास. न्हाऊन-धुऊन आलेल्या माणसालाही तो लावता येतो, आणि पिढ्यान् पिढ्या लावला गेला, जातीने, पाळीने. चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी अभंगातून विचारलं होतं, देहीचा विटाळ देहातच जन्मलेला, मग सोवळं कोण राहिलं? कोपऱ्यात बसवलेल्या बायका माझ्या लहानपणीही मी पाहिल्यात. इंग्रजी 'डर्टी' कितीही उनाड असो, त्याला निदान बढाईही मारता येते. 'डर्टी मार्टिनी'त ऑलिव्हचं खारं पाणी घालतात आणि लोक मिटक्या मारत पितात. विटाळाला ती सोयच नाही.

ॲपमध्ये 'माती' केलं आणि फाइल पाठवून दिली. रविवारी आईला कॅफेत घेऊन गेले. मेनूकार्डावर 'डर्टी चाय' होता, म्हणजे मसाला चहात एस्प्रेसो. आईने चष्मा वर सरकवून दोनदा वाचलं, मग वेटरला अगदी हळू आवाजात विचारलं, "का रे बाळा, गाळत नाही का तुम्ही?"