विवाहपूर्व करार: ‘रद्दीचा कागद’ या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

भारतीय न्यायालये विवाहपूर्व करार मानत नाहीत, तेव्हा लग्नाआधी तो करून ठेवण्याचा माझा सल्ला म्हणजे नोटरीचा शिक्का मारलेल्या रद्दीची भलावण आहे, असे आपण लिहिले आहे. आपण दिलेला आधार खरा आहे; निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

पत्नीला माहेरहून कधीही नेणार नाही, हे पतीने लग्नाआधी दिलेले वचन कलकत्ता उच्च न्यायालयाने १९०१ मध्ये अवैध ठरवले, हे आपण सांगता ते बरोबर आहे. पण तो करार सहजीवनाविषयीचा होता (घरजावयाचा, म्हणा ना), मालमत्तेविषयीचा नव्हता. करार अधिनियम, १८७२ चे कलम २३ सार्वजनिक धोरणाविरुद्धचे करार रद्दबातल ठरवते, आणि पोटगीचा हक्क आधीच सोडून देणे त्यात नक्कीच बसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तर एकरकमी रक्कम घेऊन पुढचा दावा सोडल्याची तडजोडही पत्नीच्या निर्वाहाच्या दाव्याच्या आड येऊ दिली नाही. मुलांच्या ताब्याचेही तेच: तिथे मुलाचे हित पाहिले जाते, आईवडिलांनी आधी काय लिहून ठेवले ते नव्हे.

परंतु त्याच अधिनियमाचे कलम ५७ कायदेशीर आणि बेकायदेशीर वचने वेगळी करता येतात, हेही मान्य करते; म्हणजे बेकायदेशीर वचन बाद झाले तरी कायदेशीर वचन टिकू शकते. समजा, फ्लॅट लग्नाआधी एकाच्या नावावर घेतला आहे आणि गृहकर्जाचे हप्ते पुढे दोघांच्या पगारातून जाणार आहेत. गोव्याबाहेर विवाहामुळे मालमत्ता आपोआप सामाईक होत नसल्याने, उद्या वाद झाला तर हप्ते भरणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला आपला वाटा बँकेच्या उताऱ्यांवरून सिद्ध करत बसावे लागते. कोणाचे काय आणि कोण किती भरणार हे आधी लिहून ठेवले, तर न्यायालयाला निदान पुरावा मिळतो. गोव्यात तर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार विवाहापूर्वी सार्वजनिक दस्त करून मालमत्तेची व्यवस्था ठरवता येते, त्यामुळे ‘भारतात’ असा सरसकट शब्द वापरणेही योग्य नाही.

नोटरीबाबत मात्र आपले म्हणणे रास्त आहे, कारण तो सह्यांची खातरजमा करतो, मजकुराच्या वैधतेची नव्हे. त्याहून मोठा धोका पत्रिका वाटून झाल्यावर एका पक्षाने पुढे केलेल्या मसुद्याचा असतो. अनुचित प्रभावाखाली दिलेली संमती पुढे नाकारता येते, म्हणून दोघांचे वकील वेगळे असावेत आणि मसुदा वाचायला पुरेसा वेळ मिळावा, हा आग्रह मी यापुढेही धरीन.