लाईटबिल भाड्यात धरलेलं, थकवलं मालकाने: ‘भाडेकरूला काही करता येत नाही’ हे खोटं आहे

भाडेकरूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. माझ्याकडे तो तीन ठिकाणांहून आला. शेवटचा पाठवला भाच्याने, जो पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. खाली त्याने विचारलं होतं, "मावशी, हे खरं आहे का?"

मजकुराचा सारांश असा: भाड्यात लाईट-पाणी धरलेलं असेल आणि मालकाने बिल थकवलं, तर भाडेकरूच्या हातात काही नाही. मीटर मालकाच्या नावावर, म्हणून कंपनी तुम्हाला दाद देणार नाही. लाईट कंपनीने तोडली, मालकाने नाही, म्हणून मालकावर केस होत नाही. तुम्ही बिल भरलंत तर ते पैसे बुडाले. मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय (एनओसी) नवं मीटर नाही. करारात लिहिलं नसेल तर बोलायचंच नाही. तेव्हा भाडं बंद करा, डिपॉझिट संपेपर्यंत राहा आणि जागा सोडा.

हे वाचून मला माझी पेठेतली खोली आठवली. भाडं लाईट-पाण्यासकट ठरलेलं होतं. ऐन मे महिन्यात वायरमन आला, चार महिन्यांचं बिल थकलंय म्हणाला आणि वायर काढून गेला. घरमालक फोन उचलेनात. "तुझ्या नावावर मीटर नाही, तू काय करणार?" असं सगळ्यांनी सांगितलं आणि मी ते खरं मानलं. मेणबत्तीच्या उजेडात सामान बांधलं आणि अर्ध्या महिन्याचं भाडं सोडून निघाले. कायदा तेव्हाही हाच होता. मला तो कुणी सांगितला नाही, म्हणून आज मी सांगतेय.

सगळ्यात घातक दावा आधी घेते: "कंपनीने तोडली, मालकाने नाही."

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ यातलं कलम २९ सांगतं की, भाडेकरूला मिळत असलेला अत्यावश्यक पुरवठा किंवा सेवा मालकाने पुरेशा कारणाशिवाय तोडायची नाही आणि रोखूनही धरायची नाही. पाणी, वीज, जिन्यातले आणि बोळातले दिवे, लिफ्ट, सफाई हे सगळं त्यात येतं. पण खरी गोम त्या कलमाखालच्या स्पष्टीकरणात आहे. मालकाच्या कृतीमुळे किंवा त्याने करायचं ते न केल्यामुळे नगरपालिकेने वा दुसऱ्या सक्षम प्राधिकरणाने पुरवठा तोडला, तर तोही मालकानेच रोखून धरला असं समजायचं, असं तिथे म्हटलंय. म्हणजे मालकाने स्वतः फ्यूज काढायची गरज नाही. बिल न भरता गप्प बसला आणि त्यापायी लाईट गेली, तरी जबाबदार तोच. कायदा करणाऱ्यांना ही पळवाट आधीच दिसली होती आणि त्यांनी ती नाव घेऊन बुजवली. फिरणारा मजकूर नेमकी तीच पळवाट मालकाच्या हातात परत देतो.

या कलमाखाली भाडेकरूने कोर्टात अर्ज करायचा. मुंबईत आणि पुण्यात लघुवाद न्यायालय आहे, जिथे ते नाही तिथे दिवाणी न्यायाधीशांकडे. निकाल लागेपर्यंत थांबावं लागत नाही. अमुक तारखेच्या आत पुरवठा सुरू करा, असा अंतरिम आदेश कोर्ट देऊ शकतं. अंतिम आदेशातली तारीख उलटली तर मालकाला दिवसाला १०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आज ही रक्कम चहा-वड्यात संपते, ती वाढायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्याच कलमात तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही शिक्षा आहे, आणि वकिलाच्या नोटिशीत ती ओळ वाचली की बरेच फोन उचलले जातात.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण मजकुरात सगळ्यांना एकाच पारड्यात टाकलंय. कलम २९ कायद्याच्या अर्थाने ‘भाडेकरू’ असलेल्यांसाठी आहे: वाड्यातली जुनी कुटुंबं, चाळीतली पागडीची घरं, रीतसर भाडेपट्टा असलेले. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस बोलीभाषेत भाडेकरू असला तरी कायद्याच्या भाषेत लायसन्सी, म्हणजे जागा वापरायची फक्त परवानगी असलेला, असतो, आणि त्याने थेट कलम २९ वर विसंबू नये. त्याचा आधार त्याचा करार. लाईट-पाण्यासकट पैसे घेऊन लाईट न देणं हा करारभंग आहे. त्यासाठी दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम आणि नुकसानभरपाई मागता येते. वाट थोडी लांबची आहे, पण बंद नाही.

आता "तुम्ही बिल भरलंत तर पैसे बुडाले." हे वाक्य वाचून मला राग येतो, कारण बहुतेकांसाठी सगळ्यात जवळचा उपाय हाच असतो आणि नेमका त्यालाच घाबरवलं जातं.

भारतीय करार अधिनियम १८७२चा. त्याचं कलम ६९ सांगतं: जे पैसे भरायला कायद्याने दुसरा बांधील आहे, पण ते भरले जाण्यात तुमचा हितसंबंध आहे आणि म्हणून तुम्ही ते भरलेत, तर त्या दुसऱ्याने ते तुम्हाला परत द्यायचे. कलमाखाली उदाहरण दिलंय तेही भाडेकरूचंच. बंगालमधल्या जमीनदाराने सरकारचा शेतसारा थकवला, जमीन लिलावाला निघाली, लिलाव झाला तर कुळाचा पट्टा रद्द होणार होता. कुळाने पट्टा वाचवायला सारा भरला. जमीनदाराने ती रक्कम कुळाला भरून द्यायची. साऱ्याच्या जागी लाईटबिल ठेवा, दीडशे वर्षांपूर्वीचं ते कूळ म्हणजे आजचे तुम्हीच आहात.

रीतसर भाडेपट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०८चाही आधार आहे. मालकाने भरायची रक्कम त्याने भरली नाही, आणि ती न भरल्यास भाडेकरूकडून किंवा त्या मालमत्तेतून वसूल होऊ शकणारी असेल, तर भाडेकरूने ती भरावी आणि व्याजासह भाड्यातून कापून घ्यावी, किंवा मालकाकडून वेगळी वसूल करावी. कराराने वेगळं काही ठरलं असेल तर तो करार आधी पाहावा लागतो, हे मात्र लक्षात असू द्या.

भरायला कुणाची परवानगी लागत नाही. महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक मीटरजवळ लिहिलेला किंवा जुन्या बिलावर छापलेला असतो. तो असला की कुणालाही बिल पाहता येतं आणि भरता येतं. फक्त रोख देऊन मोकळे होऊ नका. स्वतःच्या खात्यातून भरा, पावती ठेवा, आणि शक्यतो भरण्याआधी मालकाला लेखी कळवा. माझी चूक इथेच झाली. मी चार वेळा फोन केले, एक ओळ लिहून पाठवली नाही.

"कंपनी तुम्हाला दाद देणार नाही." विद्युत अधिनियम, २००३ मध्ये ‘ग्राहक’ म्हणजे फक्त ज्याचं नाव बिलावर आहे तो, असं नाही. ज्याची जागा त्या वेळी कंपनीच्या तारांना जोडलेली आहे, तोही त्या व्याख्येत बसतो. कलम ५६प्रमाणे थकबाकीसाठी लाईट तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. अडचण एवढीच की ती जाते मालकाच्या पत्त्यावर नाहीतर त्याच्या मोबाईलवर, आणि तुम्हाला कळतं ते वायरमन दारात आल्यावर. म्हणून दर महिन्याला स्वतः ग्राहक क्रमांक टाकून बिल भरलंय का ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे. नोटीस न देता तोडली असेल तर १९१२ या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पुढे कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाताना तो लागतो.

"एनओसीशिवाय नवं मीटर नाही." विद्युत अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये वीज मागण्याचा हक्क जागेच्या मालकाला ‘किंवा’ ती जागा ताब्यात असणाऱ्याला दिलेला आहे. मे २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की वीज ही मूलभूत सोय आहे, मालक एनओसी देत नाही या कारणावरून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही, आणि अर्जदाराचा जागेवर ताबा आहे की नाही एवढंच कंपनीने बघायचं. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्येही भाडेकरूला स्वखर्चाने असा पुरवठा एनओसीचा आग्रह न धरता देण्याची तरतूद आहेच. तरीही खिडकीवर तुम्हाला एनओसी मागतील, तेव्हा निकालाची प्रत सोबत न्या. त्या जागेवर जुनी थकबाकी असेल तर आधी ती भरायला सांगतील, हेही गृहीत धरा. आणि कॉट बेसिसवर एका खोलीत चौघं राहत असाल, तर ताबा दाखवणंच अवघड जातं. तिथे हा मार्ग फारसा उपयोगाचा नाही.

"करारात लिहिलं नसेल तर बोलायचंच नाही." उलट आहे. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ म्हणतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. त्याने ती केली नाही तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, ते खोटं ठरवायचं ओझं मालकावर. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "आपल्यात कशाला कागद" असं म्हणणाऱ्या मालकाचा तोंडी शब्द अशा वेळी त्यालाच बांधतो. ठरताना व्हॉट्सॲपवर "८,००० लाईट-पाण्यासकट" असा एक मेसेज असेल तर तो जपून ठेवा.

राहिला मजकुरातला सल्ला: भाडं बंद करा. कृपा करून हे करू नका. जुन्या भाडेकरूंना भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५चं संरक्षण मिळतं ते भाडं भरत असेपर्यंत आणि भरायची तयारी असेपर्यंत. सगळं भाडं थांबवलंत की मालकाला हवी असलेली थकबाकी तुम्ही स्वतःच तयार करून देता. नोटिशीनंतर ९० दिवस घर खाली करण्याचा दावा लावता येत नाही, आणि समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत १५ टक्के व्याज आणि खर्चासह सगळं भरलं तर घर वाचतं हे खरं. पण ज्या भांडणात तुम्ही बरोबर होतात, त्यात आरोपीसारखे उभे राहता. लिव्ह अँड लायसन्सवाल्याचं तर आणखी अवघड: पैसे थकले म्हणून लायसन्स रद्द करायला मालकाला आयतं कारण मिळतं. बिलाएवढेच पैसे कापा, पावती जोडा, उरलेलं भाडं ठरल्या तारखेला बँकेतून पाठवा.

मजकुराच्या एका प्रतीत शेवटी कुणीतरी भर घातलीय की ओळखीच्या वायरमनकडून लाईट परत जोडून घ्या. तोडलेलं मीटर परस्पर जोडणं हा विद्युत अधिनियमाच्या कलम १३८ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. गुन्हा दाखल होईल तो जागेत राहणाऱ्यावर.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसणाऱ्यांसाठी: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मिळतो. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं.

भाच्याला मी उत्तरादाखल एक पत्र लिहून दिलं. स्पीड पोस्टाने पाठवायचं, फोटो व्हॉट्सॲपवरही टाकायचा. ज्यांना हवं त्यांनी आपले आकडे भरून वापरावं:

"श्री. ... यांस, स. न. वि. वि. आपल्या जागेचं मासिक भाडं वीज व पाण्यासह ठरलेलं असून मी ते ... महिन्यापर्यंत नियमित दिलेलं आहे. ग्राहक क्रमांक ... चं ... रुपयांचं वीजबिल ... पासून थकीत आहे. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत आपण ते भरावं. तसं न झाल्यास पुरवठा तुटू नये म्हणून मी ते स्वतः भरेन, आणि पावती जोडून तेवढी रक्कम आपल्याकडून वसूल करेन किंवा भाड्यातून वळती करेन. उरलेलं भाडं नेहमीच्या तारखेला आपल्या खात्यात जमा होईल. कळावे."