दोन मीटरची दोरी

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आंब्याच्या पेट्यांचे भाव आणि कोणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन यापलीकडे सहसा काही नसतं. यंदा मात्र आठवडाभर कुत्र्यांवरून जुंपली. धाकट्या चुलतभावाचं दापोली तालुक्यात, समुद्रापासून पाच मिनिटांवर होमस्टे आहे. पुण्या-मुंबईची माणसं हल्ली फोनवर एसीच्या आधी 'पेट चालेल ना?' असं विचारतात, म्हणून त्याला फाटकावर 'पाळीव प्राण्यांचे स्वागत' अशी पाटी लावायची होती. काकूने सांगितलं, माझ्या पडवीत परकं कुत्रं चढायचं नाही. एका आत्येभावाने थेट सुप्रीम कोर्टच काढलं. मग सगळ्यांनी मिळून मला साक्षीला ओढलं. "दादा, तूच सांग. तुमच्याकडे तर कुत्रे सगळीकडे चालतात."

मी इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हनच्या किनाऱ्यावर राहतो. भिकू नावाचं एक काळं, अर्धवट लॅब्रॅडॉर आमच्याकडे आहे. चालतात, हे खरंच आहे. ट्रेनमध्ये तो फुकट बसतो. पबमध्ये माझी ऑर्डर यायच्या आधी त्याच्यापुढे पाण्याचं भांडं येतं. माइनहेडपासून पूल नावाच्या बंदरापर्यंत समुद्राच्या कडेकडेने ६३० मैलांची, म्हणजे हजार किलोमीटरच्या वर, पायवाट जाते. आम्ही दोघांनी तिचे तुकडे पावसात, वाऱ्यात नि चिखलात तुडवलेत. तिथले लाल कडे पाहिले की मला हमखास जांभ्याची आठवण येते.

पण ग्रुपवरच्या कोणालाच त्या वाटेवरच्या पाट्या माहीत नाहीत. बऱ्याच किनाऱ्यांवर १ मे ते ३० सप्टेंबर कुत्र्याला बंदी असते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, जेव्हा वाळूत लोळायची खरी मजा, तेव्हा भिकू घरी. डॉलिश वॉरनच्या वाळूच्या पट्ट्यावर एका खुणेपुढे तर बाराही महिने जायचं नाही, कारण पुढे पक्षी विसावतात. जिथे कोणालाही हिंडायची मुभा आहे अशा माळरानांवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोरीला बांधलेला हवा, आणि दोरी दोन मीटरपेक्षा लांब नको. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचे ते दिवस. मेंढ्यांमागे धावणाऱ्या कुत्र्याला शेतकऱ्याने गोळी घातली, तर कायदा बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहतो. २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखाली चिप सक्तीची आहे, आणि बाहेर नेताना गळपट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता लागतो. तिथला कुत्रा मोकळा दिसतो तो इतकी कुंपणं आधीच घालून ठेवलीत म्हणून. (सगळे पाळतात असंही नाही. विष्ठा पिशवीत भरून ती पिशवी काटेरी झुडपाला तोरणासारखी टांगून जाणारी जमात मी रोज बघतो. पिशवी भरायचे कष्ट घेतले, मग चार पावलांवरचा डबा का नको, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.)

हे सगळं माहीत असून गेल्या फेब्रुवारीत गावी मी काय केलं ते ग्रुपवर लिहायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहितो. काकूकडचा वाघ्या माझ्यामागून मोटारीत चढला. वाघ्या पिवळट गावठी, एक कान लहानपणीच कोणा भाईबंदाने फाडलेला. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीचं दर्शन झालं आणि संध्याकाळी किनाऱ्यावर उतरलो. ओहोटी होती, माणूस दिसत नव्हतं. मी दार उघडलं. दोरी नव्हतीच, वाघ्याला दोरी ठाऊकही नाही. दहा मिनिटांनी पाहतो तर भरतीच्या रेषेच्या वर तो पुढच्या दोन्ही पायांनी वाळू उपसतोय, शेपूट ताठ, नाक आत खुपसलेलं. मी कौतुकाने व्हिडिओ काढत होतो. लांबून एक मुलगा ओरडत धावत आला, हातात काठी. तो कासवांच्या घरट्यांवर लक्ष ठेवणाऱ्यांपैकी होता. नशीब की त्या खड्ड्यात फक्त कुर्ली निघाली. वाघ्या निवांत बसल्यावर त्या मुलाने मला नीट न्याहाळलं, माझी चप्पल, माझा फोन, आणि शांतपणे विचारलं, "दादा, तिकडं बी असंच सोडता काय?"

ऑलिव्ह रिडले कासवीण साधारण नोव्हेंबर ते मार्च या किनाऱ्यांवर रात्री येते, हातभर खड्ड्यात शंभरएक अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. पन्नासेक दिवस ती अंडी वाळूच्या उबेवर असतात. पूर्वी माणसंच ती उकरून न्यायची. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला काम सुरू केलं, तेव्हापासून गावकरीच पहाटे किनारा पालथा घालतात आणि अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात. माणूस असा बदलला. कोल्हा आणि कुत्रा मात्र अजून वासावरच चालतात. जी अंडी पहाटेच्या आत सापडत नाहीत ती त्यांचीच. आणि त्यात पाहुण्यांचा गोल्डन रिट्रीव्हर वेगळा नि आमचा वाघ्या वेगळा असं काही नाही, नाक दोघांचंही सारखंच चालतं.

म्हणून 'परदेशात बघा' हे वाक्य अर्धवट ऐकवलं की मला चीड येते. पण दुसऱ्या बाजूचा माणूस 'परदेशातले नियम जसेच्या तसे आणा' म्हणतो तेव्हाही मी गप्प बसतो. कारण डेव्हनमधला प्रत्येक नियम एक गोष्ट धरून चालतो: दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी आहे. कोकणात दोरीच नाही. वाघ्या काकूचा म्हणायचा, पण सकाळची भाकरी काकूकडे, दुपारचं मासळीचं डोकं खालच्या वाडीत आणि रात्रीची राखण मंदिराच्या ओसरीवर. खेडजवळच्या रसाळगडाला गेलो तेव्हा पायथ्याच्या वाडीतलं एक कुत्रं न बोलावता पुढे लागलं. चढणीच्या वळणावर थांबून मागे बघायचं, आम्ही आलो की पुन्हा पुढे. वर तोफांपाशी आमच्यातली अर्धी पोळी खाऊन सावलीत झोपलं. तिथे कुत्र्याला फिरायला कोणी नेलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काकूला मी भिकूला दिवसातून दोनदा फिरवतो हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं होतं, "का रे, त्याचे पाय दुखतात?"

आणि भीतीचंही गणित वेगळं आहे. डेव्हनमध्ये अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पँट खराब होते. तिथल्या कुत्र्यांत रेबीज नाही. आपल्याकडे ओरखडा उमटला तरी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं लागतं, कारण लक्षणं दिसू लागल्यावर तो रोग माणसाला सोडत नाही. त्यामुळे ११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरातले भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं तेव्हा टाळ्या का वाजल्या ते मला कळतं. २२ ऑगस्टला तो आदेश बदलून, पिसाळलेले आणि आक्रमक सोडून बाकीच्यांना नसबंदी-लस करून होते तिथेच सोडा असं ठरलं, तेही मला पटतं. आमच्या ग्रुपवर मात्र दोनच बाजू होत्या, सगळे उचला किंवा सगळ्यांना जेवू घाला. वाघ्याला लस कोणी टोचायची यावर एकही मेसेज नव्हता. त्याच वर्षी रायगडावरच्या दुसऱ्या वाघ्याच्या, दगडी, समाधीवरून महाराष्ट्राने जेवढा घसा कोरडा केला, त्याच्या पाव वेळात तालुक्यातल्या जित्या वाघ्यांना टोचून झालं असतं.

भावाला मी शेवटी खाजगीत लिहिलं. पाटी लाव, पण तारखा घालून लाव. नोव्हेंबर ते मे किनाऱ्यावर दोरीशिवाय नाही, आणि अंधार पडल्यावर तर मुळीच नाही, कारण डोंगराच्या बाजूने बिबट्या उतरतो आणि त्याला कुत्र्याइतकं सोपं जेवण नाही. दुपारची तापलेली वाळू टाळायला सांग. सड्यावर दगड उलथू देऊ नका, खाली फुरसं असतं. (आमच्याकडच्या माळावरही वसंतात ॲडर नावाचा विषारी साप कुत्र्यांच्या नाकाला डसतो, एवढं साम्य आहे.) संध्याकाळी कानांच्या मागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा. आणि सगळ्यात आधी वाघ्याला दापोलीला नेऊन लस टोच.

त्याने "ओके दादा" लिहिलं. पाटी लागली, तारखांसकट. वाघ्याची लसही झाली.

परवा पहिले पाहुणे आले, पुण्याचं जोडपं आणि त्यांचा पांढरा केसाळ कुत्रा. फाटकात वाघ्या आडवा. फाटका कान मागे, दात बाहेर, गुरगुर. मोटारीतून कोणी उतरेना. अर्ध्या तासाने ग्रुपवर फोटो आला: होडीच्या निळ्या नायलॉनच्या दोरीने वाघ्या फणसाला बांधलेला, आयुष्यात पहिल्यांदा. मागे अंगणात पांढरं कुत्रं मोकळं उड्या मारतंय. खाली काकूने लिहिलं होतं, "दोरी दोन मीटरच आहे. मोजून घेतली."