चावी मॅडमांकडे आहे

अ‍ॅडमिशन झालं, फीची पावती हातात पडली. अभिनंदन! पावतीवर 'ग्रंथालय शुल्क' आणि 'ग्रंथालय अनामत' अशा दोन ओळी दिसतील. घाबरू नका. पैसे भरले म्हणून पुस्तकं वाचलीच पाहिजेत असं कुठल्याही परिपत्रकात नाही. जिमखान्याचेही भरलेत, म्हणून कोण रोज दंडबैठका काढतंय?

घरातलं एखादं वडीलधारं माणूस ऐकवेल की रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. देशात आगगाडी आली १८५३ला, कोकण रेल्वे पुरती सुरू व्हायला १९९८ उजाडलं, पण पुस्तकं कधीचीच पोचली होती. मान डोलवावी. पूर्वजांनी इतकं वाचून ठेवलंय म्हणजे आपल्या वाट्याचंही त्यात उरकलं असणार.

ग्रंथालयात पाऊल पडतं ते जुलैत. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि कॅन्टीनमध्ये जागा नसते. दाराशी छत्र्यांची बादली असते. आत काउंटरवर 'देवघेव विभाग' अशी पाटी आहे खरी, पण देवघेव चालते ती बादलीत. येताना काडी मोडलेली छत्री आणावी, जाताना बरी बघून न्यावी.

आत काचेची कपाटं, कपाटांना कुलपं, कुलपांवर गंज. आपल्या दमट हवेत पुस्तकं कोंडून ठेवली की बुरशी धरते, कसर लागते, वारा खेळता हवा, हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण कपाट उघडं ठेवलं तर विद्यार्थी हात लावणार! त्यापेक्षा बुरशी परवडली. शिवाय डांबरगोळ्या आहेतच. तरी तुम्हाला राहवलं नाही, तर संवाद साधारण असा होईल (नॅक म्हणजे कॉलेज तपासून श्रेणी देणारी संस्था) :

"मामा, ते कपाट उघडता का?"

"चावी मॅडमांकडे."

"मॅडम कुठायत?"

"नॅकच्या मीटिंगला."

"कधी येतील?"

"नॅक येऊन गेलं की."

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पहिला, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. आपल्याकडे चौथा अगदी काटेकोर पाळतात : दारातच 'नाही' म्हणून सांगतात. पहिल्याची आठवण १२ ऑगस्टला होते, रंगनाथन यांच्या जन्मदिनी. त्या दिवशी पुस्तकं कपाटातून निघून टेबलावर येतात, समोर पाटी लागते, 'कृपया हात लावू नये.' सेल्फी काढायला हरकत नाही.

चुकून कपाट उघडलंच तर तिथे ड्युईसाहेबांचे आकडे भेटतील. पुस्तकांना विषयवार क्रमांक द्यायची ही पद्धत १८७६ची. साहेबांनी मासेमारी शेतीच्या घरात घातली आहे, ६३९.२ला. हर्णैच्या बंदरावर लिलाव चालू असताना हे कुणाला सांगू नका, भांडण आकड्यांवर थांबणार नाही.

खरा धोका मात्र कपाटात नाही, मोबाइलमध्ये आहे. एन-लिस्ट नावाची सरकारी सोय आहे. कॉलेज सभासद असेल, तर तुमच्या नावाचं लॉगिन मिळतं आणि ६,०००हून अधिक नियतकालिकं घरबसल्या उघडतात, ई-पुस्तकं वेगळीच. म्हणजे ग्रंथालय थेट तुमच्या पडवीत! सुदैवाने लॉगिन मागावं लागतं आणि ते मागा असं सांगणारी नोटीस ज्या बोर्डावर लावलेली असते, त्याच्यापुढे झेरॉक्सचं बंद पडलेलं मशीन उभं असतं. शोधगंगा तर त्याहून वाईट. तिथे देशभरातले पीएचडीचे प्रबंध फुकट, तेही पासवर्डशिवाय. उद्या तुमच्याच खाडीतल्या कालवांवरचा प्रबंध सापडला, तर प्रोजेक्ट स्वतः लिहावासा वाटेल. कशाला नसती उठाठेव? गेल्या वर्षीच्या मुलाकडून फाइल आणा, मुखपृष्ठ बदला. एवढंच बघा, ऋणनिर्देशात त्याने चिपळूणच्या आत्याचे आभार मानले आहेत. ती आत्या काढून टाका. मागच्या दोन बॅचना ते सुचलं नव्हतं.

वाचन कक्षात पंख्याखालची जागा आणि चार्जिंगचा पॉइंट एवढं धरून ठेवावं. कोपऱ्यात एमपीएससीवाली मुलं सकाळपासून बसलेली असतात, पुस्तकं घरची, डबाही घरचा. ती खरोखर वाचतात. त्यांच्याकडे फार बघू नका, सवय लागते. साडेचारला मामा खिडक्या लावू लागतात, शेवटची एसटी गाठायची तर तुम्हालाही उठायलाच हवं. तुमचं लेक्चर संपतं तेव्हा ग्रंथालय बंद होतं, हा योगायोग इतकी वर्षं टिकलाय म्हणजे कुणीतरी मनापासून जपला असणार.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ना-देय दाखला लागतो. काउंटरवर रजिस्टर उघडतात, तुमच्या नावाचं पान कोरं करकरीत. बाई चष्म्यावरून बघतात, "नवीन आहेस का?" नम्रपणे नाही म्हणावं. त्या प्रसन्न होऊन सही करतात, कारण पुस्तक हरवणारे, भिजवणारे, आंब्याच्या रसाची बोटं लावणारे त्यांनी पुष्कळ पाहिलेत, तुम्ही त्यातले नाही. अनामत परत हवी असेल, तर मूळ पावती जोडून अर्ज करायचा. पावती पहिल्याच पावसात दप्तरात लगदा झालेली असते. सोडून द्या. त्या पैशात एखादं पुस्तक येईल आणि कपाटात जाईल.