एएचयूच्या खोलीची किल्ली शोधू नये

आपण गोव्यातील एखाद्या हॉटेलचे, इस्पितळाचे किंवा चार मजली कार्यालयाचे व्यवस्थापन पाहत असाल, तर प्रत्येक मजल्यावर, बहुधा प्रसाधनगृहाला लागून, एक बंद खोली असते आणि तिच्यातून दिवसभर घरघर ऐकू येते, हे आपल्या कानावर आलेच असेल. त्या खोलीत मजल्यावरची हवा ओढून, गाळून आणि थंड करून परत पाठवणारे एअर हँडलिंग युनिट, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले एएचयू, राहते. खोलीची किल्ली नेमकी कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता येऊ नये, हे सुव्यवस्थेचे लक्षण मानावे.

तरीही एखादा उत्साही तंत्रज्ञ फिल्टर बदलण्याची मागणी घेऊन आलाच, तर त्याच्यापुढे हिशेबाची वही उघडावी. फिल्टरचा खर्च देखभालीच्या रकान्यात पडतो आणि तो आपल्या नावावर असतो. विजेचे बिल मात्र वेगळ्या रकान्यात जाते आणि त्याचे उत्तर वरच्या साहेबांना द्यावे लागते. फिल्टर न घेतल्याने झालेली बचत याच महिन्यात दिसते, तर बिलातील वाढीचा दोष वीज दरवाढीवर किंवा मे महिन्यातील उकाड्यावर सहज ढकलता येतो. तेवढ्याने तंत्रज्ञाचे समाधान झाले नाही, तर पंख्याच्या मोटरचा अँपियर मोजायला सांगावे. एकाच वेगाने फिरणाऱ्या पंख्यापुढे फिल्टर तुंबला की हवा कमी सरकते आणि मोटरवरचा भारही बहुधा कमी होतो. म्हणजे मळके फिल्टर वीज वाचवतात, असे आपण त्याच्याच मीटरवरून सिद्ध करू शकता. आता हवा कमी आल्यामुळे मजला थंड होत नाही, म्हणून कोणीतरी चिलरचे, म्हणजे एएचयूसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे, पाणी 7 अंशांऐवजी 5 अंशांवर आणतो आणि कॉम्प्रेसर दिवसभर धापा टाकतो. पण चिलर गच्चीवर किंवा मागच्या आवारात असतो, आणि तिथवर जायला कोणाला वेळ आहे?

फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक दाखवणारा मॅनोमीटर मात्र घातक वस्तू आहे. फरक पाण्याच्या सुमारे 25 मिलिमीटरपर्यंत चढला की फिल्टर बदलावा, असा सर्वसाधारण संकेत असल्याने ते यंत्र रोज आपली चुगली करत राहते. त्याच्या दोन्ही नळ्या काढून ठेवाव्यात. काटा शून्यावर येतो आणि शून्य हा आकडा तपासणीच्या वहीत फार स्वच्छ दिसतो. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत हाच आकडा रोज टिपून ठेवावा लागतो, कारण तिथे वही वाचणारे ऑडिटर येतात. आपल्याकडे ती पीडा नाही.

फिल्टर धुण्याचा प्रसंग आलाच, तर तो गच्चीच्या कठड्यावर आपटावा. मी पाहिलेला एक पोऱ्या जाळी दोन्ही हातांनी धरून अशा तालात आपटत होता की चिऱ्याची लाल धूळ ढगासारखी उठून शेजारच्याच ताज्या हवेच्या झडपेतून पुन्हा आत जात होती. मग त्याने ती ओलीच जाळी, चौकटीवरचा हवेची दिशा दाखवणारा बाण उलट दिशेला करून, खाचेत बसवली आणि वहीत सही केली.

याहून सोपा आणि तत्काळ गुण देणारा उपाय म्हणजे फिल्टर काढूनच टाकणे. त्याच दुपारी गारवा वाढतो, साहेब खूश होतात, तंत्रज्ञाला हुशार म्हणतात. यानंतर फिल्टरचे काम कॉइल, म्हणजे चिलरचे थंड पाणी खेळवून हवा गार करणारा नळ्यांचा संच, करते. सहा किंवा आठ ओळींची तांब्याची नळी आणि इंचाला दहा-बारा ॲल्युमिनियमच्या पात्या, त्यातून आपल्याकडची दमट हवा गेल्याने सगळे सतत ओले. अशा जागी धूळ, कपड्यांचे तंतू आणि बुरशी मिळून जो थर धरतात, तो पुढून दिसतच नाही, कारण तो तिसऱ्या-चौथ्या ओळीत बसलेला असतो. सकाळी पंखा सुरू होताच ओल्या मोज्यांसारखा वास येतो. त्यासाठी मोगऱ्याचा फवारा मारावा.

कॉइल धुवायचीच झाली, तर गाड्या धुण्याचा जोरदार पंप आणावा आणि हवा ज्या बाजूने आत येते त्याच बाजूने फवारावे. यामुळे मळ आणखी आत ठासला जातो आणि पात्या वाकून एकमेकींना चिकटतात. पाण्याचा हलका फवारा हवेच्या उलट दिशेने मारून, वाकलेल्या पात्या फणीने विंचरत बसणे हे वेळखाऊ काम आहे. त्यापेक्षा तीव्र आम्ल ओतावे. भरपूर फेस येतो, आणि फेस आला की मळ निघाला असे सर्वांना वाटते. त्या फेसात थोडे ॲल्युमिनियमही असते, हे सांगून कोणाचा उत्साह मोडू नये. कळंगुटसारख्या किनारी भागात खारा वारा ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या सांध्यावर हे काम फुकट करून देतोच. आम्लामुळे फक्त वाट पाहावी लागत नाही.

कॉइलवरून ठिबकणारे पाणी झेलणाऱ्या निचरा तबकाचा यू-ट्रॅप, म्हणजे पाणी धरून हवा अडवणारा नळीचा वाक, काढून सरळ नळी लावावी, म्हणजे तो साफ करावा लागत नाही. पंख्याच्या ओढीने त्या नळीतून हवा उलट आत शिरते आणि चालू यंत्रातले पाणी तबकातच अडते. पंखा बंद झाला की ते एकदम वाहू लागते किंवा काठावरून ओसंडते. एका सभागृहात मध्यंतराला वातानुकूलन बंद केले आणि पहिल्या रांगेतल्या मान्यवरांच्या टकलावर थेंब पडू लागले. त्यांनी वर पाहिले, मग एकमेकांकडे पाहिले, आणि बाहेर पाऊस पडतो आहे अशी समजूत करून घेतली. जुलै महिना असल्याने ती कोणालाही पटली.

ताज्या हवेची झडपही पावसाळ्यात बंद करावी, कारण बाहेरची ओल आत घेऊन ती सुकवण्यात चिलरची शक्ती जाते. यंत्रावरचा भार खरोखरच घटतो. दुपारच्या बैठकीत सगळे पेंगू लागले तर तो कार्बन डायऑक्साइडचा परिणाम नसून जेवणातल्या हुमणाचा, म्हणजे माशांच्या कालवणाचा, आहे, असे मानण्याची गोव्यात चांगली सोय आहे.

इतके सगळे झाल्यावर ती खोली रिकामी का ठेवावी? अनेक इमारतींत मजल्यावरची परतीची हवा याच खोलीतून यंत्रात जाते, म्हणून इथे ठेवलेल्या प्रत्येक वस्तूचा वास सर्वांना समान वाटून मिळतो. रंगाचे अर्धे डबे, फिनेल आणि गेल्या चवथीला गणपतीवर बांधलेल्या माटोळीच्या, म्हणजे फळाफुलांच्या मांडवाच्या, ओल्या काठ्या दाराशीच रचाव्यात. मागे नवे फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीसकट भिंतीला टेकवून ठेवावेत; तपासणीला कोणी आलेच, तर दार अर्धवट उघडून त्या ढिगावरून त्यांच्याकडे बोट दाखवता येते.