‘मग कॉफी प्यायची तरी कधी?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सकाळची कॉफी आणि न्याहारी यांवरच्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : घरात तीन पिढ्या उठल्याबरोबर कॉफी पितात, कुणालाही अल्सर झाला नाही. जठरातलं आम्ल कॉफीपेक्षा कितीतरी तीव्र असतं, तेव्हा ‘कॉफी आम्लधर्मी असते’ या वाक्यात दम नाही. लेखात एकीकडे ‘रिकाम्या पोटी नको’ म्हटलंय आणि दुसरीकडे ‘खाण्यासोबत नको, खाल्ल्यावर तासभर नको’, मग प्यायची कधी? आणि शेवटी, ‘जळजळ झालीच तर एक गोळी घेतो, विषय संपला.’

पहिल्या दोन मुद्द्यांवर तुमचं बरोबर आहे. रिकाम्या पोटी कॉफी प्यायल्याने अल्सर होतो, हे वाक्य लेखात जायला नको होतं. मी ते काढलं आहे. अल्सरची मुख्य कारणं दोन : हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि काही वेदनाशामक गोळ्या. हा जिवाणू शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. जपानमध्ये ८,०१३ निरोगी लोकांची पाहणी झाली, ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत कॉफी पिणं आणि जठराचा किंवा लहान आतड्याचा अल्सर यांचा संबंध आढळला नाही.

आम्लाचंही तसंच. उपाशी जठराचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) १.५ ते २ च्या आसपास असतो, कॉफीचा साधारण ५. म्हणजे कॉफी जठरातल्या रसाच्या मानाने हजार किंवा त्याहून जास्त पटींनी सौम्य. ती त्रास देते तो स्वतःच्या आंबटपणाने नव्हे, तर जठराला जास्त आम्ल स्रवायला लावून. हे काम कॅफिन काढलेली कॉफीसुद्धा करते, १९७५ पासून हे माहीत आहे. म्हणून ‘डिकॅफ घेतो, आता पित्ताची काळजी नाही’ असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. पोटात अन्न असेल तर त्यातली प्रथिनं हे आम्ल बऱ्यापैकी शोषून घेतात. नसेल तर ते मोकळंच राहतं, आणि अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप ज्यांची सैल आहे त्यांना ते वर जाणवतं. त्यातच कॉफी पिऊन लगेच केर काढायला वाकलं किंवा सूर्यनमस्कार घातले, की आंबट ढेकर आलाच. तुमच्या घरात कुणाला असं होत नसेल तर त्यांच्यासाठी सहाची रिकाम्या पोटची कॉफी चालू राहायला माझी काहीच हरकत नाही.

आता तुमचा तिसरा मुद्दा, कारण खरी मेख तिथेच आहे. दोन नियम एकमेकांना छेद देतात असं वाटतं ते मी ते एकाच दमात लिहिल्यामुळे. ते दोन वेगळ्या तक्रारींसाठी आहेत. ‘आधी काहीतरी खा’ हे जळजळ होणाऱ्यांसाठी. ‘खाण्यापासून लांब ठेवा’ हे रक्त कमी असणाऱ्यांसाठी. कॉफीतली पॉलिफिनॉल द्रव्यं अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते शरीरात शिरू देत नाहीत. १९८३ च्या एका प्रयोगात जेवणासोबत घेतलेल्या एक कप कॉफीने लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं, चहाने ६४ टक्क्यांनी. आणि त्याच प्रयोगातली ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते : जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने काहीच घट झाली नाही, पण जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीने जेवणासोबतच्या कॉफीइतकीच घट झाली. नंतरची कॉफी येते तेव्हा अन्न अजून पोटातच असतं.

म्हणजे लोहाच्या हिशेबाने उठल्याउठल्या घेतलेली कॉफी सगळ्यात निर्धोक, आणि पोह्यांच्या बशीशेजारी ठेवलेला कप सगळ्यात महागडा! आपल्याकडे उलटं शिकवलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय निघाला. त्यांना ‘आधी नाश्ता कर, मग कॉफी घे’ असं सरसकट सांगणं चुकीचं ठरतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत चहा-कॉफी जेवणाच्या किमान तासभर आधी आणि नंतर टाळा असं आहे. त्यातली ‘नंतरची’ बाजू माझ्या मते जास्त कडक पाळायला हवी, तासभराऐवजी दोन तास.

आणि जिला रक्तही कमी आहे आणि जळजळही होते, तिने काय करायचं? सकाळचं खाणं दोन भागांत तोडायचं. उठल्यावर आधी पाणी. मग आम्लाला बसायला जागा म्हणून थोडंसं काहीतरी : एक केळं, वाटीभर दूध-लाह्या, नाहीतर अर्धी भाकरी. यातून लोह मिळावं अशी अपेक्षाच नाही, त्यामुळे दहा मिनिटांनी कॉफी घेतली तरी बिघडत नाही. त्यानंतर तासाभराने खरी न्याहारी, लिंबू पिळून. आधीच्या तुकड्यासाठी बेकरीतली खारी किंवा बटर नको. मैदा आणि वनस्पती तुपाने जळजळ वाढते, आणि दोन खाऱ्या पोटात गेल्या की भूक तात्पुरती मरते, न्याहारी अकरापर्यंत ढकलली जाते. रिकाम्या पोटच्या कॉफीचं खरं नुकसान मला इथे दिसतं. दर कपात दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम. अकरापर्यंत तीन कप झाले की ३० ग्रॅम साखर पोटात गेलेली असते आणि प्रथिनं मात्र कपातल्या दुधापुरतीच.

न्याहारी म्हणजे काय, हेही नेमकं सांगते. नुसते कांदेपोहे एका माणसाला ५० ग्रॅम कोरडे धरले तर प्रथिनं जेमतेम साडेतीन ग्रॅम. त्यात मूठभर म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाणे घातले की सहा ग्रॅम वाढतात. मोड आलेली मटकी (कोरडी २० ग्रॅम होती असं धरा) वाफवून मिसळली की आणखी साडेचार. झाले चौदा, आणि चव सुधारते ती वेगळीच. मटकी कच्ची टाकून नुसती झाकण ठेवून शिजवायला जाऊ नका. पोह्यांचा गिचका होतो आणि मटकी कच्चीच राहते. आधी फोडणीत मटकीवर पाण्याचा हबका मारून पाच-सात मिनिटं वाफ काढायची, मग भिजवलेले पोहे. लिंबू आच बंद केल्यावर, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने जातं, आणि लोह शोषायला मदत तेच करतं. मोड काढण्याचा फायदाही तोच, लोह अडवून ठेवणारं फायटेट कमी होतं.

कप किती, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या तीन पिढ्यांच्या मुद्द्याचं उत्तर त्यात दडलंय. घरच्या फेटलेल्या कॉफीत चमचाभर, साधारण २ ग्रॅम पावडर पडते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत कॉफी किती टक्के आणि चिकोरी (कॉफीत मिसळतात ती एका मुळाची पूड) किती ते छापलेलं असतं, ते एकदा वाचा. चिकोरीत कॅफिन नसतं. ७०-३० मिश्रणाचा चमचाभर म्हणजे साधारण ४० मिलिग्रॅम कॅफिन. फिल्टरच्या दाट डिकॉक्शनचा १५० मिलीचा कप ८० ते १२० पर्यंत जातो. मार्गदर्शिकेची दिवसाची मर्यादा ३०० आहे. गरोदरपणात ती २०० धरतात, कारण त्या काळात कॅफिन शरीरात फार वेळ रेंगाळतं. तुमच्या घरचे तीन पिढ्यांचे कप कदाचित चिकोरीवालेच होते, लहान पेल्यातले होते, आणि त्यामागून साडेसातला भाकरी होती. आजचा मोठा मग आणि रिकामी सकाळ यांची त्यांच्याशी तुलना होत नाही.

संकष्टीचा दिवस वेगळा धरा. चंद्रोदयापर्यंत नुसत्या चहा-कॉफीवर काढणाऱ्यांची संध्याकाळी ‘पित्ताने डोकं उठलं’ अशी तक्रार असते. आपण पित्त हा शब्द फार ठिकाणी वापरतो. उपाशीपणा, कमी पाणी आणि जळजळ हे सगळं त्यात येतं. उलट ज्यांनी त्या दिवशी रोजची कॉफी सोडली, त्यांचं डोकं कॅफिन तुटल्यामुळे दुखतं. ते शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होतं. अशांनी कपांची संख्या आधीपासून, तीन-चार दिवसांनी एक अशी उतरवावी.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांसाठी मात्र सवलत नाही. लेव्होथायरॉक्सिन साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, कॉफी नाही. लगेच घेतली तर गोळी नीट शोषली जात नाही, टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) चढतो आणि डॉक्टर डोस वाढवत राहतात, दोष कपाचा असतो.

आता तुमची ती गोळी. ती पँटोप्रॅझोल, म्हणजे जठरातलं आम्ल कमी करणारी गोळी, असेल तर जळजळ झाल्यावर घेऊन तिचा फारसा उपयोग नाही. ती न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी, पाण्याबरोबर घेतली तरच नीट चालते. आणि ती महिनोन्‌महिने घेत राहिलात तर जठरातलं आम्ल कमी झाल्याने लोह आणि बी-१२ दोन्हीचं शोषण घटू शकतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज लागत असेल, गिळताना अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल किंवा शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, तर कॉफीची वेळ बदलत बसू नका. पोटाच्या डॉक्टरांकडे जाऊन पायलोरीची तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीची तपासणी करून घ्या. तुम्ही ही गोळी किती दिवस घेताय, ते प्रतिक्रियेत लिहिलेलं नाही. ते मात्र आज मोजा.